छातीभर कठडा

सटवा मिस्त्रीनं जन्मभर जे बांधलं ते बहुतेक जमिनीखाली आहे. लातुरात चार-पाच इमारती अशा आहेत की त्यांच्या पायात त्याचा हात आहे. वरच्या भिंतींना रंग लागले, काचा लागल्या, पाट्या बदलल्या. त्याचं काम कोणाला दिसत नाही. अख्खं त्याचं म्हणून जमिनीवर दिसतं असं एकच काम, आमच्या वस्तीतल्या विहिरीचा कठडा. एरवी विहिरीचा कठडा गुडघ्याला लागतो, फार तर मांडीला. हा बाईच्या छातीला लागतो. पाणी शेंदायचं तर आधी एखादा धोंडा ओढून आणायचा, त्यावर चढायचं, मग पोहरा सोडायचा. त्या कठड्यापायी आम्ही बायकांनी त्याला किती शिव्या घातल्या त्याला मोजदाद नाही.

सटवा माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. मी त्याला भावजी म्हणायची, तो मला वैनी. निलंग्याकडचं आमचं गाव. मी चौथी शिकले आणि लग्न झाल्यावर त्याच्या हाताखाली घमेलं वाहायला लागले. दहा-बारा वर्षं रोज आठ तास मी त्या माणसाच्या शेजारी उभी राहिले, तरी त्याची खरी गोष्ट मला कळली नाही. कळायला पाहिजे होती. सगळं समोर होतं.

तो स्वतः उंच होता. दाराची चौकट त्याच्या डोक्याला लागायची. पण चालायचा खांदे पाडून, आणि रस्त्यानं जाताना नेहमी भिंतीच्या बाजूनं. उलटा हात भिंतीला घासत जायचा. त्याच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला कायम खरचटलेलं असायचं. खाटेवर कधी झोपला नाही, जमिनीवरच. स्वतःच्या पोरांना त्यानं कधी खांद्यावर घेतलं नाही, पोरं मागं लागली तर म्हणायचा, "पाय दिलेत न तुला? चाल." ट्रकमधून कामाला जाताना मांजरा नदीचा पूल आला की खाली उतरायचा आणि पुलाच्या अगदी मधोमध चालत जायचा. मागून गाड्या भोंगे वाजवायच्या, ड्रायव्हर त्याच्या आईचा उद्धार करायचे. हा सरकायचा नाही. पलीकडे आला की निमूट ट्रकमध्ये बसायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "पाय मोकळे केले."

कामात मात्र त्याला तोड नव्हती. दगडाला हातोडीनं टिचकी मारायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. चांगला दगड वेगळा बोलतो म्हणायचा. न आवडलेला दगड नुसता बाजूला ठेवायचा नाही, लांब फेकायचा, कोणी पुन्हा उचलून आणू नये म्हणून. पाया भरायचा, जोतं उचलायचा, भिंत छातीपर्यंत आली की थापी धुऊन ठेवायचा. "पुढचं गणपत बघील." गणपत त्याचा हाताखालचा मिस्त्री. वरच्या कामाला मजुरी जास्त असते, ती गणपत घ्यायचा. "भावजी, तुमीच शिकिवलं त्याला, अन् तोच वर?" मी एकदा म्हणाले. तो म्हणाला, "पाया चांगला असला की वरचं कोणीबी बांधतंय." हे त्याचं नेहमीचं वाक्य. पुरुषभर खोल आणि छातीभर उंच, एवढ्यातच तो काम करायचा. आम्हाला वाटायचं, मोठा कारागीर आहे, तऱ्हेवाईक असणारच.

आणखी एक. तो आमच्या घरी कधी पाणी प्यायचा नाही. चहा घ्यायचा, भाकरी खायचा. पाणी दिलं की "आत्ताच पिऊन आलो." ते का, हे सांगायचं तर मला दुष्काळाकडं जावं लागेल.

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीचा आड पौषातच आटला. पाणी राहिलं ते पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीला. आमचा धर्म बदलून सोळा वर्षं झाली होती, पण विहिरीला शिवायचं नाही हे बदललेलं नव्हतं. आम्ही बायका घागरी लांब मांडून बसायचो. पाटलाचा गडी शेंदायचा आणि वरून आमच्या घागरीत ओतायचा. मनात आलं तर भरून, नाही तर अर्धी.

फाल्गुनात त्या विहिरीची एका अंगाची बांधणी ढासळली. दगडाच्या कामात सटवासारखा हात आसपास नव्हता, म्हणून पाटलानं त्यालाच बोलावलं. रहाटाच्या दोराला फळी बांधून ठेवली होती. फळीवर बसायचं आणि दहा पुरुष खाली जायचं. मी तिथं घागर घेऊन बसलेली होते. जे पाहिलं ते सांगते.

सटवा काठापर्यंत गेला. खाली वाकून पाहिलं. तीन पावलं मागं आला, जमिनीवर बसला आणि दोन्ही तळवे मातीवर टेकवले.

"मी उतरणार न्हाई."

पाटील म्हणाला, "कामून?"

सटवानं मातीत बोटं रुतवली.

"मजुरी कमी वाटती का?"

सटवानं मानेनंच नाही म्हटलं.

"धरम बदलला का काम बी बदललं व्हय रे?"

सटवा मातीकडं बघत म्हणाला, "न्हाई उतरणार. मारलं तरी न्हाई."

पाटलानं मारलं नाही. त्यानं गड्याला शांतपणे सांगितलं, "उद्यापासून ह्यांच्या घागरी ओतायच्या न्हाईत."

संध्याकाळी वस्ती गोळा झाली. ग्यानबा मास्तर आमच्यातला पहिला मास्तर झालेला. माझं माहेरही त्याच गावातलं, चौथीपर्यंत तो माझ्या वर्गात होता. तो पुढं गेला, मी राहिले. त्याचं बोलणं आधीपासून जोरदार. तो म्हणाला, "ज्या विहिरीला आपला हात चालत न्हाई, तिचे दगड रचायला बरा आपला हात चालतो! आज सटवानं त्यांच्या तोंडावर सांगितलं. जमिनीवर बसून धरणं धरलं. मारलं तरी उतरणार न्हाई म्हणाला!" पोरांना चेव आला. त्यांनी सटवाला खांद्यावर उचललं. सटवा ओरडायला लागला, "खाली घ्या! मला खाली घ्या रे!" त्याचा आवाज चिरकला होता. लोक म्हणाले, किती साधा माणूस आहे, मान नको म्हणतो.

मी पण टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नदीच्या झिऱ्याला जायला लागलो. वाळूत खड्डा खणायचा, वाटीवाटीनं पाणी साचेल तसं भरायचं. जायला-यायला चार कोस, आणि येताना नदीची दरड चढून वर यायचं. दोन महिने असं चाललं. वस्तीत एकाही बाईनं तक्रार केली नाही. हे मानाचं पाणी आहे, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. वैशाखात माझी सासू त्या दरडीवरून दोन घागरींसकट घसरली आणि तिची कंबर मोडली. खाटेवर पडली ती अडीच वर्षं पडूनच राहिली, मग गेली. तिचं हगणं-मुतणं मी काढलं. सटवा रोज येऊन तिच्या खाटेपाशी जमिनीवर बसायचा. एकदा ती त्याला म्हणाली, "सटवा, कंबर मोडली तर मोडली बाबा. मान तर वाकली न्हाई न. तुझ्यामुळं." सटवा उठून बाहेर गेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेले, तर म्हणाला, "नको वैनी." तेव्हापासून त्यानं आमच्याकडं पाणी घेतलं नाही.

दुष्काळ सरला. मास्तरनं अर्जावर अर्ज केले आणि दीड वर्षानं वस्तीला स्वतःची विहीर मिळाली. ते मास्तरचं काम, ते मी नाकारणार नाही. आतली बांधणी निलंग्याच्या मिस्त्रीनं केली. सटवा म्हणाला, मी फक्त कठडा बांधतो. त्यानं तो छातीभर बांधला. मास्तरनं भाषणात सांगितलं, आपल्या विहिरीकडं वाकडी नजर जाऊ नये म्हणून सटवानं तटबंदी घातली. दरवर्षी जयंतीला मंडपात सटवाला पुढं बसवायचे, हार घालायचे आणि मास्तर पाटलाच्या विहिरीची गोष्ट सांगायचा. सटवा मांडी घालून जमिनीकडं बघत बसायचा.

मग लातूर जिल्हा झाला. आधी कागद काढायचा तर उस्मानाबादला जावं लागायचं. आता सगळी हापिसं लातुरात आली आणि त्यांना जागा पुरेना. जिकडं बघावं तिकडं बांधकाम. आमच्या वस्तीतली वीस-पंचवीस माणसं एकाच गुत्तेदाराकडं लागली. सटवा, गणपत आणि मी त्यातच. मोकळ्या माळावर पत्र्याच्या खोल्या टाकून राहायचो.

तिथं कमल नावाची नवी पोर आली, इस्लापूरकडची. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सहस्रकुंडाचा धबधबा हिच्या माहेरापासून जवळ. लहानपणी त्या कड्यावर कशी पळायची ते मोठ्यानं सांगायची. हसायची फार. घमेलं घेऊन बांबूच्या परांचीवर अशी चढायची की गणपत म्हणायचा, "ही शेळीच हाय."

माघ महिना होता. कमल दुसऱ्या मजल्याच्या परांचीवर होती. एका बांबूची दोरी सरकली आणि तिच्या पायाखालची फळी एका बाजूनं हातभर खाली गेली. घमेलं खाली पडलं. ती पडली नाही. तिनं उभ्या बांबूला मिठी मारली आणि तशीच राहिली. फळी पुन्हा नीट बसली होती. चार पावलांवर खिडकीची मोकळी जागा होती, तिथून आत गेली असती. पण ती हलेना. मुकादम खालून ओरडला, "खाली बघू नको! चल पुढं!" तिचा नवरा शिव्या द्यायला लागला. गणपत आणि आणखी एक जण दोन्ही बाजूंनी चढले, तशी सगळी परांची हलली आणि ती अशी किंचाळली की दोघं जागच्या जागी थांबले. खाली कोणी म्हणालं, बाहेरचं लागलंय, लिंबू आणा. कोणी म्हणालं, धबधब्याकडची आहे, पाण्यातल्या आसरा लागल्यात. दोर कुरकुरत होता तो मला ऐकू येत होता.

सटवा शेजारच्या पायाच्या खड्ड्यातून वर आला. पहिल्यांदा त्यानं गणपतला खाली उतरवलं. मुकादमाला म्हणाला, "तोंड बंद कर." मग तो त्या भिंतीपाशी गेला. वर पाहिलं नाही. कपाळ भिंतीला टेकवलं, दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले, डोळे मिटले आणि तिथून मोठ्यानं बोलायला लागला.

"पोरी, तळपाय सुटल्यागत वाटतंय का?"

वरून फक्त रडणं ऐकू आलं.

"पायाखालची फळी हाय का न्हाई तेच कळंना, आसं?"

"व्हय," ती म्हणाली. पहिल्यांदाच बोलली.

"अन् खालचं वर ओढून राहिलंय. उडी टाकावी वाटतीय. व्हय न?"

"व्हय. मामा, मी पडते."

"न्हाई पडत. मला बी तसंच होतं. लहानपणापास्नं."

"खोटं बोलता. तुमी मिस्त्री हाव."

आम्ही वीस-पंचवीस माणसं उभी होतो, निम्मी आमच्याच वस्तीतली. त्याचं कपाळ भिंतीला होतं, पण आम्ही आहोत हे त्याला ठाऊक होतं. मग तो म्हणाला, तेवढ्याच मोठ्यानं, कारण हळू बोललं असतं तर तिला ऐकू गेलं नसतं.

"मी छातीच्या वर कधी चढलेलो न्हाई. इचार कुणालाबी. पाटलाच्या विहिरीत उतरायचं होतं मला, दुष्काळात. खाली बघितलं अन् चड्डीत मुतलो. भिऊन बसलो मी मातीत. लोक म्हनले पाटलाला नडला. कुनाला नडलो न्हाई. भ्यालो. दहा वर्षं झाली, कुनाला सांगितलं न्हाई. आता तुला सांगून राहिलो. खोटं सांगीन का?"

कमलला पाटलाची विहीर ठाऊक नव्हती. तिला एवढंच कळलं की खाली आपल्यासारखा एक जण आहे. तिचं रडणं थांबलं.

"आता ऐक. डोळे मिटू नको, मिटले की गरगरतं. खाली बी नको, वर बी नको. तुझ्या म्होरं वीट हाय का?"

"हाय."

"तिच्याकडं बघ. एक हात सोड अन् तिला लाव. खरखरीत लागती?"

"लागती."

"आता उजवा पाय. उचलायचा न्हाई. घासत न्यायचा. फळी सोडायची न्हाई पायानं. दुसरी वीट धर."

एकेका विटेवरून त्यानं तिला नेलं. तिच्याकडं तो बघतच नव्हता. तिच्या आवाजावरून त्याला कळत होतं ती कुठवर आली. चार पावलांना भाकरी भाजून व्हावी एवढा वेळ लागला. ती खिडकीतून आत पडली तेव्हा सगळ्यांनी ओरडा केला. जिन्यानं खाली आली, ओकली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "माझं घमेलं कुठाय?"

सटवा अजून भिंतीलाच होता. त्याच्याजवळ कोणी गेलं नाही. मीसुद्धा नाही.

त्या दुपारी तो एकटा जेवला. गणपतच्या बापानं त्या दुष्काळात पाटलाकडं पाणी मागायला नको म्हणून बैल विकले होते, मानासाठी. ज्याचं त्याचं काही ना काही त्या विहिरीला लागलेलं होतं. माझ्या डोळ्यांपुढं सासूची खाट होती आणि तिचं ते वाक्य. मी आठ दिवस सटवाशी बोलले नाही. घमेलं त्याच्याजवळ ठेवायची आणि पाठ फिरवायची. बाकीच्यांनी काही ना काही म्हटलं: गणपत म्हणाला, "म्हणून मला वर पाठवायचा व्हय!" आणि एक जण म्हणाला, "दहा वर्षं हार घातले, फुलं तरी वाचली असती."

रविवारी गावाहून ग्यानबा मास्तर आला. माझ्या खोलीपुढंच दोघं बसले, म्हणून मी ऐकलं.

"सटवा, तू पोरीला धीर द्यायला खोटं बोललास. बरोबर?"

"न्हाई."

"ऐकून घे. लोकांना तेवढंच सांग. धीर द्यायला बोललो म्हण. संपलं."

"मास्तर, मी भ्यालो होतो."

"अरे, त्या गोष्टीवर आपली विहीर उभी हाय! पोरं शाळेत सांगतात."

"विहीर दगडावर उभी हाय," सटवा म्हणाला. "मी बघितलेत दगड. चांगले हायेत."

मास्तर रागानं उठून गेला. पण मास्तर हुशार. जयंतीला आम्ही सगळे गावी गेलो. दुपारी मंडप भरला होता. सटवा मागं, बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून उभा. मास्तर माईकवर म्हणाला, "ज्यानं पाटलापुढं मान वाकवली न्हाई, त्या सटवा मिस्त्रीनं लातुरात एका लेकीचा जीव वाचवायला स्वतःला भित्रा म्हणवून घेतलं! स्वतःची अब्रू दिली!" टाळ्या कडाडल्या. सटवा म्हणाला, "मास्तर, तसं न्हाई. खरं हाय ते." माझ्याशिवाय कोणी ऐकलं नाही. पोरं धावली. ह्या वेळची पोरं वेगळी होती, पण केलं तेच. पायाला धरून त्याला वर उचलायला लागली. सटवानं मंडपाच्या खांबाला मिठी मारली. कमलनं बांबूला मारली होती तशीच. गाल लाकडाला, डोळे उघडे.

मी उठले आणि ओरडले, "सोडा रे त्याला! भ्या वाटतं त्याला! खरंच वाटतं, मूर्खांनो!"

माझा आवाज मोठा आहे. पोरांनी सोडलं. मास्तर माईकवर पुढचं बोलायला लागला. मी सटवाच्या दंडाला धरून त्याला आमच्या घरी आणलं. तो उंबऱ्यावर बसला.

मी म्हणाले, "भावजी, सासूची कंबर तुमच्या भ्यानं मोडली."

"व्हय," तो म्हणाला.

"अन् तुमी तिला मरेपर्यंत सांगितलं न्हाई."

"तिला तेवढंच होतं, वैनी. मान वाकली न्हाई म्हणायची. ते बी काढून घेऊ?"

मी चूल पेटवायला आत वळले, तर मागून म्हणाला, "पाणी दे."

मी तांब्या भरून दिला. त्यानं एका दमात सगळा पिऊन टाकला आणि तांब्या उंबऱ्यावर उपडा ठेवला.

त्यानंतर जयंतीला त्याला कोणी पुढं बसवलं नाही. मास्तर पाटलाची गोष्ट सांगायचा, पण नाव न घेता, "आपल्यातल्या एकानं" असं. सटवाला त्यानं बरं वाटत असावं. पुढं पाच-सहा वर्षांनी तो झोपेतच गेला, जमिनीवर. मी तेव्हा लातुरात होते, मला कळायला दोन दिवस लागले.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, विहिरीवर. काम सोडून तो गावी राहायला आला होता. कठड्याच्या बुडाशी वाकून काहीतरी करत होता. जवळ गेले तर दोन पायऱ्या. चांगल्या घडीव दगडाच्या, रुंद, बायकांना चढून उभं राहता येईल अशा. हातोडीनं टिचकी मारून ऐकत होता.

"इतक्या वर्षांनी आठवण झाली व्हय, भावजी? त्यापेक्षा कठडाच कमी करायचा."

"ते न्हाई होत," तो म्हणाला. मग हात झटकले. "चढ, वैनी. हलतीय का बघ."

मी दुसऱ्या पायरीवर चढले. कठडा आता मांडीला लागत होता. खाली हिरवं पाणी दिसलं, त्यात माझं डोकं. मागं वळून पाहिलं तर सटवा पलीकडच्या घराच्या भिंतीकडं तोंड करून उभा होता, तळवे भिंतीला लावून.

"हलतीय का?" त्यानं तिकडूनच विचारलं.

"न्हाई हलत."

"मग उतर की लवकर."